उन्हाळ्यात रेसिंग गाडीचे बॅटरी पॅक: एकेक सेल कसा सांभाळायचा

परभणीकडच्या काळ्या मातीत रिमोटच्या रेसिंग गाड्या पावसाळ्यात चालत नाहीत. मृगाचा पाऊस पडला की माती चाकांना चिकटून त्यांचे गोळे होतात आणि गाड्या दिवाळीपर्यंत कपाटात जातात. खरी मजा रब्बीची ज्वारी निघून रान मोकळं झाल्यावर, मळणीची जागा टणक पडली की सुरू होते. म्हणजे फेब्रुवारी ते मे. त्यातल्या शेवटच्या दोन महिन्यांत पारा ४२-४४ अंशांपर्यंत जातो. लिथियम पॉलिमर पॅकला दोन गोष्टी सोसत नाहीत: पूर्ण भरलेला असताना तापणं आणि रिकामा असताना पडून राहणं. आपल्याकडे पहिली उन्हाळ्यात घडते, दुसरी पावसाळ्यात. म्हणून थंड हवेच्या गावातल्या हौशी मंडळींपेक्षा आपल्याला पॅककडे जास्त लक्ष द्यावं लागतं.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. दिवसभर पंपाच्या मोटारी आणि स्टार्टर. पण दुकानात मीटर, सोल्डर, हिटश्रिंक सगळं हाताशी असल्यामुळे गल्लीतली पोरं गाड्या घेऊन माझ्याकडेच येतात. तक्रार बहुतेक वेळा एकच असते. "मामा, चार्जर तर फुल दाखवायलाय, मग गाडी अर्ध्यातच का बसायली?" असं विचारत एक जण आला. त्याच्या पॅकला मीटर लावला तर एकूण ८.३८ व्होल्ट, म्हणजे वरवर सगळं ठीक. एकेक सेल मोजला, तर पहिला ४.२४ आणि दुसरा ४.१४. गाडी पळवून आणल्यावर पहिला ३.५८, दुसरा ३.१२. तो कायम जाड वायर जोडूनच चार्ज करत होता, पांढऱ्या प्लगची बारीक वायर लावतच नव्हता. चार्जरला दिसते ती फक्त बेरीज. त्यामुळे एक सेल रोज मर्यादेबाहेर भरला जात होता आणि दुसरा रोज जास्त रिकामा होत होता.

म्हणून सगळ्यात आधी सेल मोजायला शिका. आपल्याकडे बहुतेकांकडे २एस, ५००० एमएएचचा, कडक खोक्यातला पॅक असतो. २एस म्हणजे त्यात दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात, आणि एमएएच (मिलिअँपिअर-अवर) हे साठ्याचं माप. एका सेलचा नेहमीचा व्होल्टेज ३.७, पूर्ण भरल्यावर ४.२०, ठेवून देण्यासाठी ३.८० ते ३.८५. तीन व्होल्टच्या खाली गेला की आत कायमचं नुकसान सुरू होतं. ज्या पॅकवर एचव्ही लिहिलेलं असतं तो ४.३५ पर्यंत भरता येतो. साध्या पॅकला ते सेटिंग चुकूनही लावू नका.

२एस पॅकच्या बॅलन्स प्लगला, म्हणजे त्या पांढऱ्या प्लगला, तीन वायरी असतात. मीटरचा काळा प्रोब काळ्या वायरच्या पिनवर आणि लाल प्रोब मधल्या पिनवर ठेवला की पहिला सेल कळतो. मग काळा मधल्या पिनवर आणि लाल शेवटच्या पिनवर ठेवला की दुसरा. पिना अगदी जवळजवळ असतात. प्रोबची टोकं एकमेकांना टेकली तर ठिणगी उडते आणि बारीक वायर क्षणात लाल होते. त्यासाठी प्रोबला टोकाचं दोन मिलिमीटर सोडून इन्सुलेशन टेप गुंडाळा. पॅकवर मार्करने कोणत्या बाजूला १ आणि कोणत्या बाजूला २ तेही लिहा.

आता बॅलन्स चार्जर, म्हणजे दोन्ही सेल सारखे भरणारा चार्जर, नेमकं काय करतो ते बघू. दोन्ही सेलमधून करंट एकच वाहतो, त्यामुळे एकाला कमी आणि दुसऱ्याला जास्त असं भरता येत नाही. चार्जर पुढे गेलेल्या सेलच्या दोन टोकांमध्ये एक छोटा रेझिस्टर जोडतो आणि त्यातला थोडा करंट उष्णतेच्या रूपात उडवून टाकतो, तोवर मागचा सेल गाठ घेतो. साध्या चार्जरमध्ये हा उडवण्याचा करंट दोन-तीनशे मिलिअँपच असतो. एका सेलमध्ये दुसऱ्यापेक्षा २०० एमएएच जास्त साठा असेल तर ०.२ अँपिअरने तो उतरवायला तास लागणारच. पोरं ५ अँपिअरवर लावतात, स्क्रीनवर ९८ टक्के दिसलं की पॅक ओढून काढतात आणि म्हणतात बॅलन्स होत नाही. बॅलन्सचं काम बहुतांशी त्या शेवटच्या टप्प्यातच होतं. चार्जर 'पूर्ण' म्हणेपर्यंत थांबा. फरक दहा मिलिव्होल्टच्या आत आला की पुरे. त्याहून बारीक आकड्यासाठी वेळ घालवू नका, कारण तेवढी चूक मीटरमध्येच असू शकते.

फरक मोठा असेल, म्हणजे चाळीस-पन्नास मिलिव्होल्टच्या वर, तर मी हाताने उतरवतो. १० ओहम, ५ वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. ४.२ व्होल्टच्या सेलवर त्यातून ०.४२ अँपिअर वाहतो, म्हणजे १०० एमएएच उतरायला साधारण चौदा-पंधरा मिनिटं. तो बॅलन्स प्लगमधून फक्त चढलेल्या सेलला जोडायचा, मीटर लावून ठेवायचा आणि समोरून उठायचं नाही. तीन-चार मिनिटांनी रेझिस्टर काढून व्होल्टेज बघायचा, कारण जोडलेला असताना आकडा थोडा कमी दिसतो. रेझिस्टर हाताला चटका देतो, म्हणून तो शहाबादी फरशीवर ठेवा, टेबलावर नको.

इथवर झालं साठ्याच्या फरकाचं, आणि तो बॅलन्सने जातो. पण सेल मागे-पुढे पडण्याची आणखी दोन कारणं आहेत, आणि ती बॅलन्सने जात नाहीत, झाकली जातात. पहिलं कारण क्षमता. दोन्ही सेल ४.२० वर बरोबर असतात, पण गाडी पळवून आणली की एक ३.७ वर आणि दुसरा ३.४ वर. दुसऱ्याचं पोटच लहान झालेलं असतं. वरच्या टोकाला कितीही बॅलन्स करा, खालच्या टोकाला तो आधी संपणारच. दुसरं कारण आतली गळती. चार्ज करून काढला तेव्हा दोन्ही सारखे, आणि आठवडाभर काहीही न करता ठेवल्यावर एक ४.१८ वर, दुसरा ४.०९ वर. असा सेल आतून स्वतःच रिकामा होत असतो. त्याला मी शर्यतीत वापरत नाही आणि रात्री घरात भरूनही ठेवत नाही, कारण आतली गळती वाढत गेली तर तिचं शॉर्ट होऊ शकतं.

म्हणून प्रत्येक पॅकची वहीत एक ओळ ठेवा: तारीख, चार्ज झाल्यावरचे दोन आकडे, पळवून आल्यावर अर्ध्या तासाने घेतलेले दोन आकडे, चार्जरने किती एमएएच भरले आणि दोन्ही सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे सेल आतून करंटला करतो तो अडथळा. वही नसेल तर पॅकच्या बाजूला कागदी टेप लावा आणि त्यावर लिहा. एक आकडा काहीच सांगत नाही. तोच सेल दर वेळी खाली राहतोय हे ओळीमागून ओळ बघितल्यावरच कळतं.

अंतर्गत रोधाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण उन्हाळ्याशी त्याचा थेट संबंध आहे. आताच्या बऱ्याच चार्जरमध्ये तो मिलिओहममध्ये दिसतो. चांगल्या ५००० च्या पॅकला सेलमागे दोन ते पाच मिलिओहम असतो. समजा पाच आहे, म्हणजे दोन सेलचा मिळून दहा. गाडीने ५० अँपिअर ओढले तर पॅकच्या आत अर्धा व्होल्ट पडतो आणि २५ वॅट उष्णता तयार होते. पॅक जुना होऊन सेलमागे वीस झाला, तर त्याच ५० अँपिअरला दोन व्होल्ट पडतात आणि १०० वॅट आतच जळतात. रिवाइंडिंगच्या कामात वापरतो त्या सोल्डरिंग आयर्नपेक्षा ही जास्त उष्णता, आणि तीही प्लास्टिकच्या बंद खोक्यात. तापलेल्या पॅकचा रोध थंड पॅकपेक्षा कमी दिसतो, त्यामुळे मोजणी नेहमी सारख्याच तापमानाला करा. मी सकाळी दुकान उघडल्यावर, पॅक रात्रभर खोलीत राहिलेला असताना मोजतो. नवा असतानाच्या आकड्याच्या दुप्पट झाला की तो पॅक सरावाला. एक सेल दुसऱ्याच्या दुप्पट झाला तरी तेच.

आणि पॅकवर छापलेल्या सी-आकड्यावर, म्हणजे क्षमतेच्या किती पट करंट देतो त्या आकड्यावर, विसंबू नका. ५००० एमएएचला २०सी म्हणजे १०० अँपिअर. १००सी म्हणजे ५०० अँपिअर, आणि आपल्या गाडीचा प्लग व वायर तेवढं कधीच वाहून नेणार नाहीत. दोन पॅकमध्ये निवड करायची असेल तर रोध मोजा आणि वजन करा.

आता उन्हाचं. पॅक ४५ अंशांच्या वर असेल तर चार्ज करू नये आणि पळवताना ६० च्या वर जाऊ देऊ नये, हे नियम सगळीकडे सारखेच. फरक सुरुवातीचा आहे. थंड गावात पॅक २५ अंशांपासून सुरू होतो, दहा मिनिटांत ४५ ला पोचतो आणि निभावतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी तो बाहेर ठेवल्याठेवल्याच ४२ वर असतो. वीस अंश वाढले की साठ ओलांडले. म्हणून उन्हाळ्यात शर्यत सकाळी साडेनवाच्या आत संपवायची किंवा पाचनंतर सुरू करायची. फेरी लहान ठेवायची. मोटारीचं पिनियन, म्हणजे तिच्या टोकावरचं छोटं दातेरी चाक, एक-दोन दातांनी लहान लावायचं. वेग थोडा जातो, पण करंट कमी होतो आणि मोटार, स्पीड कंट्रोलर (मोटारीला करंट सोडणारं सर्किट), पॅक तिघंही थंड राहतात. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर प्रत्येक फेरीनंतर पॅकवर धरा. नसेल तर तळहात पॅकवर दहा सेकंद टेकवा. सहज टेकवता आला नाही तर त्या दिवशी तो पॅक पुन्हा लावू नका.

स्पीड कंट्रोलरचं कट-ऑफ, म्हणजे ज्या व्होल्टेजला तो गाडी थांबवतो ते, कारखान्यातून बहुतेक वेळा सेलमागे ३.२ च्या आसपास असतं आणि तो बेरीजच बघतो. दोन सेलमध्ये फरक असेल तर कमजोर सेल ३.० च्या खाली जाऊन येतो आणि गाडीला कळतही नाही. मी ३.४ ठेवायला सांगतो. दीड-दोन मिनिटं कमी मिळतात, पण पॅक आणखी एक हंगाम टिकतो. बॅलन्स प्लगला लावायचा छोटा आवाज करणारा अलार्म मिळतो. तो प्रत्येक सेल वेगळा बघतो. शक्य असेल तर तोच लावा.

गाडी थांबल्यावर पॅक लगेच काढून सावलीत ठेवा. स्विच बंद केला तरी काही स्पीड कंट्रोलर थोडा थोडा करंट पीत राहतात आणि आठवडाभरात पॅक रिकामा करून टाकतात. पॅक गार झाल्याशिवाय, म्हणजे किमान अर्धा तास, चार्जरला लावायचा नाही. ओल्या फडक्यात गुंडाळून गार करायची पद्धत मी बंद पाडली आहे. पंख्याखाली ठेवा, पुरतं. आणि स्कूटीच्या डिकीत पॅक नेऊ नका. उभ्या गाडीची डिकी उन्हात बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते.

चार्ज करायची वेळ हीसुद्धा उन्हाळ्यात महत्त्वाची. शनिवारी रात्री सगळे पॅक फुल करून ठेवायची सवय मोडा. शनिवारी ते ३.८५ वर असू द्या आणि रविवारी पहाटे गारव्यात भरा. अर्ध्यावरून भरायला १सी वर, म्हणजे ५००० ला ५ अँपिअरवर, पाऊण तास पुरतो. लिथियम-आयनसाठी नेहमी दिला जाणारा ढोबळ आकडा असा: ४० अंशांत वर्षभर पूर्ण भरून ठेवला तर क्षमता सुमारे ६५ टक्क्यांवर येते, ४० टक्के भरून ठेवला तर सुमारे ८५ वर. पत्र्याच्या खोलीत आपल्याकडे चाळीस हे दुपारचं साधं तापमान आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपीट किंवा अवकाळी आली आणि शर्यत रद्द झाली, तर त्याच संध्याकाळी चार्जरच्या स्टोरेज सेटिंगवर पॅक उतरवा. उद्या बघू म्हणू नका. नुसता सराव असेल तर ४.२० ऐवजी ४.१० वरच थांबा. दहा-पंधरा टक्के वेळ कमी मिळेल, आयुष्य बरंच वाढेल.

ठेवायची जागा म्हणजे घरातला सगळ्यात गार कोपरा. ज्यांचं जुनं माळवदाचं घर आहे त्यांनी आतली खोली निवडावी. जाड भिंती आणि वरचा मातीचा थर यांमुळे तिथे दुपारीही फरक जाणवतो. कूलरसमोर ठेवू नका, ओलावा प्लगमध्ये जातो. प्रत्येक पॅक वेगळा, प्लगला टोपी किंवा टेप लावून, पत्र्याच्या पेटीत वाळूच्या थरावर. पेटीचं झाकण हवाबंद नको. गाड्या पावसाळ्यात कपाटात गेल्या की पॅक ३.८५ वर आणून ठेवा आणि पोळ्याच्या सुमारास एकदा मीटर लावा. एखादा सेल ३.७ च्या खाली आला असेल तर हलक्या करंटवर परत ३.८५ वर न्या, आणि वहीत त्याच्यापुढे खूण करा.

लाइटचं आपल्याकडे कसं असतं ते सांगायला नको. शेतावर रात्रपाळीची लाइट आली की कोणी रात्री दोनला चार्जर लावून झोपतं. हे करू नका. चार्जिंग म्हणजे जागं राहून करायचं काम. लाइट जाऊन परत आली तर लगेच बटण दाबू नका, व्होल्टेज स्थिर होऊ द्या आणि स्क्रीनवर पॅकचा प्रकार, सेलची संख्या, करंट हे तिन्ही पुन्हा वाचा. शेतात बारा व्होल्टच्या चार्जरने ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करायचं असेल तर इंजिन बंद ठेवा, क्लिप थेट बॅटरीच्या टोकांना लावा, आणि ट्रॅक्टरची बॅटरी १२.२ च्या खाली आली की थांबा. ३७ वॅट-अवरचा एक पॅक पूर्ण भरायला तिच्यातले साधारण चार अँपिअर-अवर जातात. तीन-चार पॅकपर्यंत ठीक. दहा पॅक भरले तर संध्याकाळी ट्रॅक्टर ढकलावा लागेल.

चार्ज करताना पॅक गाडीतून बाहेर काढून फरशीवर, आसपास कापूस, कडबा, गोणपाट काही नाही, आणि हाताच्या अंतरावर कोरड्या वाळूचं घमेलं. आग लागलीच तर आधी चार्जरचा प्लग ओढा आणि वाळू टाका. वाळूने पॅक विझतो असं नाही, त्याची आग आतून चालू राहते. वाळू ती पसरू देत नाही. धुरात हायड्रोजन फ्लुओराइड असतो, तेव्हा दारं उघडा आणि पोरांना बाहेर काढा.

ज्यांची पहिलीच गाडी आहे त्यांच्याकडे अजून निकेलचा, सहा सेलचा ७.२ व्होल्टचा पॅक असतो. त्याला बॅलन्स प्लग नसतो. त्याचे सेल सारखे करायचे तर महिन्या-दोन महिन्यांनी एकदा क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याने, म्हणजे ३००० ला ३०० मिलिअँपने, चौदा ते सोळा तास भरा. आधी भरलेले सेल जादा करंट उष्णतेत घालवतात, मागचे गाठ घेतात. लिथियमच्या उलट, हा भरून ठेवला तरी चालतो. उन्हाळ्यात तो पूर्ण भरल्याचा इशारा चार्जरला नीट मिळत नाही, म्हणून तापमानाचं कट-ऑफ ४५ वर लावा. आणि लिथियमचा पॅक निकेलच्या सेटिंगवर कधीही लावायचा नाही, मेलेला सेल 'उठवायला' सुद्धा नाही. फार खाली उतरून पडून राहिलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळलेलं असू शकतं. तो भरला गेला तरी भरवशाचा राहत नाही.

प्लगमध्ये काळ्या मातीची धूळ बसते. ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. प्लग बदलताना एका वेळी एकच वायर कापा, तिला सोल्डर आणि हिटश्रिंक पूर्ण करा, मगच दुसरीला हात लावा. दोन्ही वायरी एकाच पकडीत कापल्या की पकडीला खड्डा पडतो, आणि हाताला त्याहून वाईट.

फुगलेला पॅक दाबून परत खोक्यात बसवायचा नाही, टाचणीने हवा काढायची नाही. बाहेर मोकळ्या जागेत वाळूवर ठेवून गाडीच्या बारा व्होल्टच्या बल्बवर तो पूर्ण विझेपर्यंत उतरवा, वायरींच्या टोकांना वेगवेगळी टेप लावा. भंगारवाल्याला देऊ नका, तो तांब्यासाठी हातोडीने फोडेल. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. ज्या दुकानातून नवा घेता तिथेच जुना परत घ्यायला सांगा. नाही म्हणाले तर अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. माझ्याकडे असे पॅक जमतात ते दुकानामागच्या पत्र्याच्या पेटीत वाळूत असतात, आणि मालाची गाडी शहराकडे निघाली की तिच्याबरोबर जातात.